विश्लेषण : कारखान्याचे पाणी स्वच्छ झाले, मग गाळ कुठे गेला?

नागपुरात सांडपाण्याची चर्चा निघाली की ती नाग नदीपासून सुरू होते आणि गोसीखुर्दच्या जलाशयापाशी जाऊन थांबते. नदीत किती पाणी प्रक्रियेविना जाते, नवी केंद्रे किती लागतील, निधी किती येणार, हे आकडे वाचून वाचून नागपूरकरांना पाठ झाले आहेत. उद्योगांच्या बाबतीतही प्रश्न ठरलेला असतो. कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी मानकात बसते का? पाण्यातून जी घाण बाजूला काढली तिचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर या औद्योगिक पट्ट्यात जिथे जिथे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तिथे तिथे रोज गाळ तयार होतो. तो वेळेवर हलला नाही तर आधी केंद्र कोलमडते आणि मग नदी. हा गाळ किती असतो, का साचतो आणि त्याचा हिशेब कसा लागतो, याविषयी.

गाळ येतो कुठून?

कारखान्यातील प्रक्रिया केंद्राला सगळे ‘ईटीपी’ म्हणतात. तिथे ढोबळमानाने दोन प्रकारचा गाळ तयार होतो. पहिला रासायनिक. सांडपाण्यात चुना, तुरटी किंवा फेरिक क्लोराइड टाकले की बारीक कण, रंग आणि धातू एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. इथे एक गोष्ट सहज विसरली जाते. टाकलेले रसायनही गाळातच जाते. एक किलो तुरटीतून सुमारे पाव किलो ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तयार होते आणि ते गाळाच्या वजनात भर घालते. चुन्याचा न विरघळलेला भागही तळाशीच बसतो. पाणी मानकात आणण्यासाठी ऑपरेटरने डोस वाढवला की पाणी सुधारते, पण गाळही वाढतो.

दुसरा गाळ जैविक. एरेशन टँकमध्ये ब्लोअरने हवा सोडली जाते, तिथले जिवाणू सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ खातात आणि वाढतात. पुढच्या टाकीत, म्हणजे क्लॅरिफायरमध्ये, हे जिवाणूंचे पुंजके खाली बसतात आणि वरचे स्वच्छ पाणी बाहेर जाते. खाली बसलेला बहुतेक गाळ पंपाने पुन्हा एरेशन टँकमध्ये आणतात, कारण काम करणारे जिवाणू तेच असतात. ही ‘ॲक्टिव्हेटेड स्लज’ पद्धत एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी १९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टरमध्ये मांडली. शंभर वर्षांनंतरही जगभरातील बहुतेक केंद्रांचा कणा तीच आहे.

अडचण अशी की जिवाणू खातात तसे वाढतातही. एक किलो बीओडी, म्हणजे जिवाणूंना खाता येईल अशा सेंद्रिय घाणीचे माप, कमी करताना साधारण ४०० ते ६०० ग्रॅम नवा जैविक गाळ तयार होतो. म्हणजे घाणीचा काही भाग वायू होऊन हवेत जातो आणि उरलेला जिवाणूंच्या शरीरात रूपांतरित होऊन टाकीतच राहतो. ही रोजची भर म्हणजे जास्तीचा गाळ. ती रोज बाहेर काढावी लागते.

प्रमाण किती असते?

एक उदाहरण घेऊ. एखाद्या अन्नप्रक्रिया कारखान्यातून रोज १० लाख लिटर सांडपाणी येते आणि त्यातून प्रति लिटर ८०० मिलिग्रॅम बीओडी कमी करायचा आहे. म्हणजे रोज ८०० किलो सेंद्रिय घाण. प्रति किलो अर्धा किलो या हिशेबाने रोज ४०० किलो कोरडा गाळ तयार झाला.

४०० किलो ऐकायला फार वाटत नाही, पण गाळ कोरडा कधीच मिळत नाही. क्लॅरिफायरच्या तळातून तो निघतो तेव्हा त्यात घन पदार्थ जेमतेम एक टक्का असतात, बाकी सगळे पाणी. म्हणजे रोज ४० टन पातळ गाळ, चार टँकर भरतील एवढा. फिल्टर प्रेसमध्ये दाबून घन पदार्थ २० टक्क्यांवर नेले की तोच गाळ २ टनांचा होतो. उन्हात किंवा ड्रायरमध्ये वाळवून ८० टक्क्यांपर्यंत आणला तर अर्धा टन उरतो. घाण तेवढीच आहे, बदलते आहे ते पाणी. गाळाच्या व्यवस्थापनातला बहुतेक खर्च याच पाण्याशी झगडण्यात जातो.

फिल्टर प्रेसमधून निघालेला रोजचा २ टन गाळ वर्षाला ७३० टन होतो. हे १० लाख लिटरच्या एका केंद्राचे गणित झाले, तेही फक्त जैविक गाळाचे. रासायनिक गाळ त्यात धरलेला नाही.

गाळ काढला नाही तर काय होते?

वरच्याच उदाहरणात एरेशन टँक १० लाख लिटरचा आहे आणि त्यात प्रति लिटर ४,००० मिलिग्रॅम गाळ फिरतो आहे असे धरू. म्हणजे टाकीत एकूण ४,००० किलो जिवाणू. रोज ४०० किलो काढले तर सगळा गाळ दहा दिवसांत बदलतो. याला गाळाचे वय म्हणतात आणि दहा दिवस हे तब्येत चांगली असल्याचे लक्षण. आता फिल्टर प्रेसचे कापड फाटले, दुरुस्तीचा माणूस आला नाही आणि दहा दिवस गाळ काढलाच नाही. कागदी हिशेबाने टाकीतला गाळ दुप्पट होतो, प्रति लिटर ८,००० मिलिग्रॅमच्या आसपास. प्रत्यक्षात उपाशी राहिलेले काही जिवाणू मरतात म्हणून आकडा थोडा कमी येतो, पण दिशा तीच.

दुप्पट जिवाणूंना दुप्पट प्राणवायू लागत नाही, पण जास्त नक्कीच लागतो. ब्लोअर तेवढाच आहे. टाकीत हवा कमी पडते. शिवाय क्लॅरिफायरवर येणारा घन पदार्थांचा भार वाढतो. त्याची गाळ खाली बसवण्याची क्षमता ठरलेली असते. ती ओलांडली की तळाशी साचलेला गाळाचा थर वर सरकू लागतो आणि एखाद्या दुपारी बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर कठड्यावरून वाहू लागतो. तळाशी जास्त वेळ पडून राहिलेल्या गाळात प्राणवायू संपतो, नायट्रेटपासून नायट्रोजनचे बुडबुडे तयार होतात आणि गाळाचे गोळे तरंगत वर येतात. क्लॅरिफायरवर तपकिरी गठ्ठे दिसले तर समजावे की खाली बराच काळ कोणी पाहिलेले नाही.

मानकात बसणारे केंद्र नापास होते ते बहुधा असे. जिवाणू काम करत असतात, विरघळलेली घाण कमी झालेली असते, पण जिवाणू स्वतःच बाहेर पडतात. ज्या घाणीवर वीज आणि रसायने खर्च करून तिला गाळाचे रूप दिले, तीच नाल्यात जाते. बुटीबोरी पट्ट्यातील नाले वेणा नदीच्या खोऱ्यात येतात. तीच वेणा पुढे वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटवरून वाहते.

हे ऑपरेटरला कळते कसे?

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एक लिटरची काचेची नळी लागते. एरेशन टँकमधले पाणी नळीत भरून अर्धा तास स्थिर ठेवायचे आणि गाळ किती मिलिलिटरपर्यंत बसला ते पाहायचे. साधारण ४०० मिलिलिटरपर्यंत बसला आणि वरचे पाणी नितळ असले तर ऑपरेटर निश्चिंत असतो.

समजा, गाळ ८०० मिलिलिटरवरच अडकला. इथे बऱ्याच ठिकाणी चूक होते. ८०० चा अर्थ दोन प्रकारे लागतो आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. टाकीत प्रति लिटर ८,००० मिलिग्रॅम गाळ असेल तर एक ग्रॅम गाळाने १०० मिलिलिटर जागा घेतली. गाळ चांगला आहे, फक्त फार झाला आहे. तो काढा, प्रश्न सुटला. टाकीत ४,००० मिलिग्रॅमच असेल तर एक ग्रॅमने २०० मिलिलिटर जागा घेतली. म्हणजे गाळ फुगलेला आहे. धाग्यासारखे वाढणारे जिवाणू माजले आहेत आणि पुंजके कापसासारखे हलके झाले आहेत. इथे घाईघाईने गाळ काढला तर चांगले जिवाणूही जातात आणि मूळ कारण तसेच राहते. ते कारण बहुधा कमी पडलेली हवा, नत्र-स्फुरदाची कमतरता किंवा अचानक बदललेले सांडपाणी यांपैकी एक असते. जिवाणूंना १०० भाग बीओडीमागे साधारण ५ भाग नत्र आणि १ भाग स्फुरद लागते. कापड, कागद, शीतपेये यांच्या सांडपाण्यात साखर-स्टार्च भरपूर आणि नत्र नावापुरते असते. त्यामुळे अनेक ईटीपींच्या कोपऱ्यात युरियाची पोती दिसतात.

फरक ओळखायला नळीबरोबर टाकीतल्या गाळाचे वजनही मोजावे लागते. म्हणजे फिल्टर पेपर, ओव्हन आणि तराजू. लहान कारखान्यांत नळी असते, तराजू बंद असतो.

नागपूरच्या हवामानाचा संबंध काय?

बराच आहे. प्रक्रिया केंद्रांची पाठ्यपुस्तकातली मापे २० अंश तापमानाच्या आसपास धरलेली असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि टाकीतले पाणीही तापते. पाणी १० अंशांचे असेल तर त्यात प्रति लिटर ११ मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांवर तो सुमारे ७ वर येतो. त्याच वेळी उष्णतेने जिवाणूंची भूक वाढलेली असते. म्हणजे हवेची गरज सर्वांत जास्त तेव्हा पाणी ती सर्वांत कमी घेते. ब्लोअर हे ईटीपीतले सर्वाधिक वीज खाणारे यंत्र आहे, केंद्राच्या वीजबिलातला साधारण निम्मा वाटा त्याचाच. त्यामुळे बचतीचा विचार आला की पहिला हात ब्लोअरच्या बटणाकडे जातो. उन्हाळ्यातला फुगलेला गाळ बऱ्याचदा त्या बटणापासून सुरू होतो.

गाळ वाळवण्याच्या बाबतीत मात्र उन्हाळा मित्र आहे. रेती-गिट्टीच्या थरावर गाळ पसरून वाळवण्याचे ड्राइंग बेड मार्च ते जून सुंदर चालतात. त्यांना वीज लागत नाही, माणूसही फारसा लागत नाही. मग जूनच्या मध्यावर पाऊस येतो. वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पडणारा पाऊस बहुतांश चार महिन्यांत कोसळतो आणि उघड्या बेडवर वाळत आलेला गाळ पुन्हा चिखल होतो. बेडवर जागा नाही म्हणून गाळ काढणे थांबते, काढणे थांबले म्हणून टाकीत साचते. ज्यांनी बेडवर पारदर्शक पत्र्याचे छप्पर घातले आहे त्यांची पावसाळ्यात निम्मी डोकेदुखी वाचते.

कायदा काय म्हणतो?

घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत सांडपाणी प्रक्रियेतील रासायनिक गाळाची ३५.३ अशी स्वतंत्र नोंद आहे. या यादीत नाव आहे म्हणजे तो घातक कचरा. केवळ जैविक असलेल्या गाळाबाबत चाचणी करून ठरवता येते. गाळातून धातू पाण्यात किती झिरपतात हे प्रयोगशाळेत तपासतात आणि दुसऱ्या अनुसूचीतील मर्यादेशी ताडून पाहतात. म्हणून दोन्ही गाळ वेगळे ठेवणे महत्त्वाचे. एकाच टाकीत मिसळले की सगळाच घातक ठरतो आणि सगळ्याच्याच विल्हेवाटीचे पैसे मोजावे लागतात. जुन्या अनेक केंद्रांत दोन्हींसाठी एकच खड्डा बांधलेला आहे. हा आराखड्याचाच दोष, आणि तो मालकाला दरमहा महागात पडतो.

घातक कचरा कारखान्याच्या आवारात जास्तीत जास्त ९० दिवस ठेवता येतो. काही परिस्थितीत राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ मुदत वाढवू शकते. वरच्या उदाहरणातला गाळ घातक ठरला तर ९० दिवसांत १८० टन होईल. तेवढा गाळ छपराखाली, फरशी केलेल्या जागेत ठेवायला गोदामच लागेल. गाळ बाहेर पाठवताना नमुना १० म्हणजे ‘मॅनिफेस्ट’ भरायचे. त्याच्या सात रंगांच्या प्रती असतात. पाठवणारा, वाहतूकदार, घेणारा आणि मंडळ या सगळ्यांकडे एकेक प्रत जाते. वर्षभराचा हिशेब नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत मंडळाला द्यायचा. नियम कागदावर चोख आहेत.

बुटीबोरीत व्यवस्था कशी आहे?

नागपूरपासून दक्षिणेला वर्धा मार्गावरील बुटीबोरी हे विदर्भातील सर्वांत मोठे औद्योगिक क्षेत्र. कापड, पॉलिएस्टर, पोलाद, रसायने, अन्नपदार्थ असे सगळे प्रकार इथे आहेत. लहान उद्योगांना स्वतःचे पूर्ण केंद्र परवडत नाही म्हणून सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे सीईटीपी, आहे. उद्योगांनी आपल्या आवारात प्राथमिक प्रक्रिया करायची आणि उरलेले पाणी सामाईक केंद्राला द्यायचे, अशी रचना. म्हणजे रासायनिक गाळ बऱ्याच अंशी कारखान्यात तयार होतो आणि जैविक गाळ सामाईक केंद्रात. एखाद्या सदस्याने प्राथमिक प्रक्रिया अर्धवट ठेवली तर त्याचा गाळ वाचतो, पण त्याचे धातू आणि रंग सामाईक केंद्राच्या गाळात उतरतात. एका सदस्याची बचत सगळ्यांचा गाळ घातक करून ठेवते.

विदर्भाच्या दृष्टीने जमेची बाजू अशी की घातक कचऱ्याची सामाईक विल्हेवाट करणारे केंद्रही बुटीबोरीतच आहे. राज्यात अशी केंद्रे मोजकी आहेत, तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी. तिथे तळाशी आणि बाजूंनी दुहेरी अस्तर घातलेल्या खड्ड्यात कचरा पुरतात, झिरपणारे पाणी गोळा करतात, जाळण्याजोगा कचरा भट्टीत जाळतात. म्हणजे नागपूरच्या कारखान्याला गाळ पाठवायला दुसऱ्या टोकाला जावे लागत नाही. तरीही तिथे टनावर पैसे लागतात. गाळ ८० टक्के पाणी असेल तर कारखाना वाहतुकीचे आणि विल्हेवाटीचे पैसे मुख्यतः पाण्यासाठी भरतो. शिवाय सेंद्रिय पदार्थ जास्त असलेला ओला गाळ थेट पुरता येत नाही, त्याला आधी स्थिर करावे लागते. तो खर्च वेगळा.

मग गाळ साचतो का?

गाळ काढल्याने कारखान्याचे उत्पादन एका किलोनेही वाढत नाही, हे पहिले कारण. दुसरे, तो न काढल्याचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. पाणी बिघडले तर लगेच दिसते, गाळ महिनाभर टाकीच्या पोटात लपतो. तिसरे कारण मोजमापाचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ पासून अति प्रदूषणकारी १७ गटांतील उद्योग आणि सामाईक केंद्रांना ऑनलाइन मोजणी यंत्रे बंधनकारक केली. ती बाहेर जाणाऱ्या पाण्याचा सामू, सीओडी, बीओडी, तरंगते कण आणि प्रवाह मोजून थेट मंडळाच्या सर्व्हरला पाठवतात. चांगली गोष्ट आहे. पण गाळ किती तयार झाला, किती काढला, किती पडून आहे, हे कुठलाच सेन्सर सांगत नाही. तो आकडा नोंदवहीत हाताने लिहिलेला असतो.

आणि नोंदवहीतला आकडा संमतीपत्रातल्या मंजूर प्रमाणाच्या आत बसवायची सवय जुनी आहे. मंजुरी वर्षाला १०० टनांची आणि प्रत्यक्ष गाळ त्याच्या कित्येक पट, अशा ठिकाणी उरलेल्या गाळाला कागदावर अस्तित्वच नसते. तो मग आवाराच्या मागच्या भिंतीलगत, एखाद्या खडी खाणीच्या खड्ड्यात किंवा मुसळधार पावसाच्या रात्री नाल्यात जाऊ शकतो. पाऊस असताना नाला आधीच गढूळ असतो, ही सोय आहे.

खत म्हणून का देता येत नाही?

शेणखतासारखा दिसणारा काळा, वाळलेला गाळ शेतकऱ्याला फुकट देण्याची कल्पना वारंवार पुढे येते. शहरी मलजलाच्या गाळाबाबत तिला काही आधारही आहे. नागपुरात भांडेवाडीच्या केंद्रातून प्रक्रिया केलेले पाणी कोराडी आणि खापरखेडा वीज केंद्रांना जाते. तिथला गाळ घरगुती सांडपाण्याचा, त्यात नत्र-स्फुरद असते. औद्योगिक गाळ वेगळा. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये प्रति किलो शिसे १०० मिलिग्रॅम, क्रोमियम ५० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. धातूंवर मुलामा चढवणाऱ्या किंवा रंगकाम करणाऱ्या कारखान्याचा गाळ ही मर्यादा सहज ओलांडू शकतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. सेंद्रिय पदार्थ एक-दोन हंगामांत कुजून जातात. धातू जमिनीतच राहतात आणि दर वर्षी नव्या थराची भर पडते. दूध, फळे, धान्य यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचा निव्वळ जैविक गाळ कदाचित चाचणीत उत्तीर्ण होईल. पण तो चाचणीनंतर द्यायचा, ट्रॉली भरल्यानंतर नव्हे.

गाळ कमी कसा होईल?

सर्वांत स्वस्त उपाय प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे. सहा काचेच्या भांड्यांत वेगवेगळा डोस टाकून पाहण्याची ‘जार टेस्ट’ आठवड्यातून एकदा केली तरी तुरटी आणि चुना किती जास्त पडतो ते कळते. तीन वर्षांपूर्वी ठरलेला डोस सांडपाणी बदलले तरी तसाच चालू असणे, हे अनेक ठिकाणचे वास्तव. तुरटी-चुन्याऐवजी दुसरे गोठणकारक आणि थोडे पॉलिमर वापरूनही गाळ कमी करता येतो, पण तेही आधी जार टेस्टमध्ये पाहायचे.

सेंद्रिय घाण जास्त असेल तर एरेशनच्या आधी हवाविरहित प्रक्रिया बसवणे मोठा फरक पाडते. तिथले जिवाणू घाणीचा बहुतांश भाग मिथेन वायूत बदलतात आणि स्वतः फारच सावकाश वाढतात. गाळ हवेवर चालणाऱ्या टाकीच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी निघतो, वर जाळायला गॅस मिळतो. डिस्टिलरी, स्टार्च, शीतपेये यांना हे चांगले लागू पडते. धातुकामाच्या पाण्याला नाही. नागपूरच्याच ‘नीरी’ने, १९५८ साली स्थापन झालेल्या या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, विकसित केलेल्या ‘फायटोरिड’ या वनस्पती-आधारित पद्धतीत गाळ अगदी कमी निघतो. पण ती मुख्यतः मलजलासाठी योग्य, कडक औद्योगिक पाण्याला एकटी पुरत नाही.

बाजारात ‘गाळ खाणाऱ्या जिवाणूंची’ पावडरही मिळते. टाकीत आधीच अब्जावधी जिवाणू असताना मूठभर पावडरीने गाळ नाहीसा होईल, हा दावा तपासूनच घ्यावा. विक्रेत्याकडे गाळाच्या वजनाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी मागाव्यात. त्या क्वचितच मिळतात.

तयार झालेल्या गाळाला सिमेंट भट्टी हा पर्याय विदर्भात जवळ आहे. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, आवारपूर, उपरवाही, गडचांदूर या भागात मोठे सिमेंट कारखाने आहेत. भट्टीत माल १,४५० अंशांपर्यंत तापतो, सेंद्रिय भाग जळतो आणि राख क्लिंकरमध्ये मिसळते, वेगळी पुरावी लागत नाही. २०१६ च्या नियमांत अशा सहप्रक्रियेला परवानगीची तरतूद आहे. मेख पुन्हा पाण्याचीच. कोरड्या जैविक गाळात प्रति किलो ३,००० किलोकॅलरी उष्णता धरली तर प्रेसमधून निघालेल्या एक किलो ओल्या गाळातून ६०० मिळतात आणि त्यातल्या ८०० ग्रॅम पाण्याची वाफ करण्यातच सुमारे ५०० जातात. इंधन म्हणून हाती जवळपास काही उरत नाही. म्हणून भट्टीला वाळलेला गाळ हवा असतो आणि नागपूरचे ऊन इथे खऱ्या अर्थाने पैशाचे आहे.

टाकीत उतरणाऱ्याचे काय?

साचलेल्या गाळाची सर्वांत मोठी किंमत शेवटी माणूस मोजतो. महिनोन्महिने पडून राहिलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गाळ हलवला की तो एकदम सुटतो. कमी प्रमाणात सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेत दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास पोहोचला की नाकाची जाणीवच बधिर होते. वास थांबला म्हणून धोका टळला असे वाटते तेव्हाच तो वाढलेला असतो. पहिला कामगार कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. देशभरात टाक्या साफ करतानाच्या अपघातांत एकाच वेळी तीन-चार जण दगावण्यामागे बहुधा हाच क्रम असतो.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ पासून अशा बंदिस्त जागेत उतरण्याआधी वायूची तपासणी, लेखी प्रमाणपत्र किंवा श्वसन उपकरण आणि बाहेरच्या माणसाने धरलेला दोर यांचे बंधन आहे. पण टाकी साफ करणारा बहुधा कंत्राटदाराने दोन दिवसांसाठी आणलेला मजूर असतो. ज्या केंद्रात गाळ रोज पंपाने निघतो तिथे माणसाला आत उतरवण्याची वेळ क्वचितच येते.

हिशेब तपासणार कोण?

गाळाचा हिशेब तपासायला नव्या कायद्याची किंवा यंत्राची गरज नाही. कारखान्यात किती पाणी आले, त्यात घाण किती होती आणि बाहेर जाताना किती उरली, हे आकडे मंडळाकडे आधीच असतात. त्यावरून किती गाळ तयार व्हायला हवा याचा अंदाज गुणाकाराने काढता येतो, जसा वर काढला. तो आकडा नमुना ४ मधल्या टनांशी आणि मॅनिफेस्टच्या प्रतींशी ताडून पाहिला की विसंगती दिसते. वर्षाला ७०० टन गाळ निघायला हवा तिथे ७० टनांची नोंद असेल तर दोनच शक्यता उरतात. एकतर पाण्यावर प्रक्रिया झालेली नाही, किंवा गाळ दुसरीकडे गेला आहे. पाण्याचा नमुना एका दिवसाचा असतो आणि आधी कळले तर त्या दिवसापुरते केंद्र नीट चालवता येते. गाळाच्या टनांत वर्षभराचे चलनवलन दिसते.

तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याचा वाद मच्छीमारांच्या संघटनेमुळे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आणि पर्यावरणीय भरपाईचा प्रश्न तिथे वर्षानुवर्षे गाजला. त्या खटल्याचे केंद्र पाणीच होते. नागपुरात नाग नदीच्या पुनरुज्जीवनासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर आहे आणि त्यात नव्या मलजल केंद्रांचाही समावेश आहे. ती केंद्रे चालू होतील तेव्हा शहराच्या गाळातही भर पडेल. त्याच्यासाठी वाळवण्याची जागा, वाहतूक आणि अंतिम ठिकाण आत्ताच ठरवावे लागेल, कारण केंद्र सुरू झाल्यावर गाळ थांबत नाही.

उद्योगांच्या बाबतीत नमुना ४ ची विवरणपत्रे मंडळाकडे जमा असतात आणि माहिती अधिकारात ती मागता येतात. बुटीबोरीच्या सीईटीपीत वर्षाला किती पाणी आले आणि किती टन गाळ पाठवला, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहायला साधे कॅल्क्युलेटर पुरते.